मुलाखतीआधी भाकरी शिका

ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी मुलाखत देणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या प्रत्येक मुलामुलीने आधी भाकरी करायला शिकावं, असं माझं मत आहे. जमू लागली की उजवा हात पाठीशी बांधून पुन्हा करून पाहावी. पीठ घेणं, गरम पाणी ओतणं, मळणं इथवर एक हात कसाबसा पुरतो. परात मात्र जागची सरकू लागते, म्हणून तिच्याखाली ओलं फडकं घालावं लागतं. थापणंही निभावतं. अडतं ते थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकताना. ते दोन तळव्यांचं काम आहे, एका हाताने उचलली की भाकरी मोडते. मग ओल्या फडक्यावर थापून फडक्यासकट उचलायची आणि तव्यावर उलटी करायची, ही युक्ती सुचते. ती सुचेपर्यंत भाकऱ्या वाया जातात आणि त्या वाया जाणं महत्त्वाचं आहे. लकवा झालेल्या बाईला चुलीपाशी परत बसायचं असतं तेव्हा तिच्यासमोर नेमकं काय उभं असतं, हे तेवढ्या वेळात हाताला कळतं.

या विषयाच्या मुलाखतीत उमेदवाराला कधी कधी असंच काम दिलं जातं. एका हाताने सँडविच कसं कराल, बुटाची नाडी कशी बांधाल, डोळे मिटून बसलेल्या माणसाला केवळ शब्दांनी कागदाची घडी कशी घालायला शिकवाल? प्रश्न सँडविचचा असला तरी तपासलं जातं ते कामाचे बारीक तुकडे पाडता येतात का, कुठला तुकडा कोणाला आणि का जड जाईल हे दिसतं का. ज्याने भाकरीचे तुकडे पाडून पाहिलेत, त्याला सँडविचची भीती वाटायचं कारण नाही. आपल्याकडची तयारी मात्र दुसऱ्याच दिशेने चालते. नेटवरून प्रश्नांची यादी उतरवायची, प्रत्येकाखाली छापील उत्तर लिहायचं आणि ते आरशासमोर घोकायचं. ‘मला लोकांना मदत करायला आवडते’ हे वाक्य मुलाखत घेणाऱ्या समितीने त्याच सकाळी अनेकांकडून ऐकलेलं असतं. वाक्य खोटं नसतं, पण ते कुणीही म्हणू शकतं आणि त्यामुळे त्यातून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही.

या मुलाखती द्याव्या लागतात कोणाला, हेही सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांत, म्हणजे मुंबईचं केईएम, सायन, नायर आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे, एमओटीएचचा, म्हणजे या विषयाच्या पदव्युत्तर पदवीचा, प्रवेश राज्याच्या सीईटीच्या गुणांवर होतो. तिथे मुलाखतीचा प्रश्न येत नाही. मुलाखत येते ती बाहेर जाणाऱ्यांच्या वाट्याला. त्यांतले काही बीओटीएच ही या विषयाची पहिली पदवी घेऊन पुढच्या पदवीसाठी अमेरिकेला, ब्रिटनला किंवा ऑस्ट्रेलियाला जाऊ पाहतात. काहींची मूळ पदवी वेगळी असते. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून मानसशास्त्र घेऊन बाहेर पडलेली मुलगी ब्रिटनमधल्या दोन वर्षांच्या एमएस्सीला अर्ज करू शकते, कारण तिथे दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांनाही या व्यवसायात शिरण्याची वाट आहे. अमेरिकेत तर २००७पासून या व्यवसायात पाऊल ठेवण्यासाठीच पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे साताऱ्याच्या बसस्टँडवरून निघालेल्या मुलीला ऑनलाइन मुलाखतीत पडद्यापलीकडच्या तीन अनोळखी माणसांना पटवायचं असतं की हे काम तिला खरोखर समजलं आहे.

तिला माझं पहिलं सांगणं असं, की या विषयाचा भारतातला इतिहास तिच्याच जिल्ह्याच्या अंगणात आहे आणि तो तिला ठाऊक हवा. एलिझाबेथ लंडी नावाची १९०० साली जन्मलेली अमेरिकन क्वेकर बाई विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३०मध्ये भारतात आली आणि कमला निंबकर झाली. चाळिशी ओलांडल्यावर ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. फिलाडेल्फियाला जाऊन तिने ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन १९५० साली केईएममध्ये या विषयाचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ साली या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. स्वातंत्र्याला पाच वर्षं झालेला देश या टेबलाशी पहिल्या दिवसापासून बसलेला होता, याचं मोठं श्रेय या बाईंकडे जातं. त्यांचे पुत्र बनबिहारी निंबकर यांनी फलटणला शेती केली आणि १९६८मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या फलटणमधल्या शाळेचं नावच कमला निंबकर बालभवन आहे. तिथे शिकलेल्या किती मुलांना या नावामागचा व्यवसाय माहीत असेल? ‘हा विषय तुम्हाला कुठे भेटला?’ या प्रश्नाला फलटणची मुलगी आपल्या शाळेच्या पाटीपासून सुरुवात करू शकते. असं उत्तर कुठल्याही यादीत सापडणार नाही.

अमेरिकेतली सुरुवातही तिला माहीत असावी, पण पाठ केल्यासारखी नको. मार्च १९१७मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे काही मंडळी जमली आणि या व्यवसायाची पहिली संस्था निघाली. ते जमले होते त्या घराचा मालक जॉर्ज बार्टन हा वास्तुविशारद होता. त्याला क्षय झालेला, पायाचा काही भाग कापलेला आणि डावी बाजू लुळी. बागकाम आणि सुतारकाम करत तो स्वतः सावरला होता. त्याच १९१७ साली मुंबईत पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी भारतीय सैनिकांना हातचं काम शिकवण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, जी पुढे खडकीला आली. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. त्या युद्धावर इथल्या किती घरांतली माणसं गेली हे गावाला सांगावं लागत नाही. जखमी माणसाला औषधानंतर काय द्यायचं, हा प्रश्न दोन खंडांत एकाच वर्षी विचारला जात होता आणि दोन्हीकडे उत्तर मिळालं ते एकच, काम.

आता त्या हमखास येणाऱ्या प्रश्नाकडे. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांत फरक काय? आपल्या मुलांचं ठरलेलं उत्तर असतं की फिजिओ मोठ्या स्नायूंचं काम पाहते आणि ओटी बोटांचं, बारीक हालचालींचं. हे उत्तर चुकीचं आहे आणि देणाऱ्याला ते मनातून माहीत असतं. वेगळेपण स्नायूंच्या आकारात शोधून सापडत नाही. थेरपिस्ट पहिला प्रश्न काय विचारते, त्यात ते सापडतं. ‘मावशी, खांदा किती वर जातो?’ हा एक प्रश्न झाला. ‘मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय करायचा तुम्ही, आणि त्यातलं काय अडलंय?’ हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात किती काय असतं, हे दाखवण्यासाठी एकच उदाहरण घेते आणि त्यावर थोडं रेंगाळते.

उजव्या अंगाचा लकवा झालेला गडी. जेवण डाव्या हाताने घ्यायला त्याला दवाखान्यात शिकवतात. चमचा दिला, ताटाला कड लावली, आठवड्याभरात तो स्वतःचं स्वतः जेवू लागला. कागदावर काम झालं. पण घरी गेल्यावर तो कुणाच्या लग्नाला जाईनासा होतो. पंगतीत चारचौघांदेखत डाव्या हाताने घास घेणं त्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटतं. आता याच्या उलटं. डाव्या अंगाचा लकवा झालेली बाई. उजवा हात शाबूत आहे, जेवते, वेणी घालायचा प्रयत्न करते आणि सगळे म्हणतात की बरं झालं, डावाच गेला. तिला शौचाला जाऊन आल्यावर स्वच्छता कोणत्या हाताने करायची, हे कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. ती पाणी कमी पिऊ लागते, संध्याकाळचं जेवण टाळते. घरच्यांना वाटतं भूक गेली. बरं वाटावं अशा सुधारणेच्या आत एवढी मोठी कोंडी लपलेली असते आणि ती उघडायला हात-पायांची ताकद मोजून भागत नाही.

बार्थेल इंडेक्स नावाचं मोजमाप जगभर वापरलं जातं. १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं, दहा बाबी, शंभर गुण. जेवण, कपडे, अंघोळ, शौच, जिना, खुर्चीतून पलंगावर जाणं. उपयुक्त आहे आणि उमेदवाराने ते जरूर शिकावं. पण त्यात जमिनीवर मांडी घालून बसणं नाही, उकिडवं बसणं नाही, पाटावरून उठणं नाही. खटाव तालुक्यातल्या एखाद्या आजीला उत्तम गुण मिळतील आणि तरीही ती देवापुढे बसू शकणार नाही. ‘एखाद्या मोजमापाच्या मर्यादेविषयी बोला’ असं मुलाखतीत विचारलं, तर आपल्या मुलीजवळ बोलायला पुस्तकापलीकडचं खूप आहे. ते बोलण्यासारखं आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही, एवढीच उणीव.

आणि सातारा-सांगली हे दोन जिल्हे तर कामांनी भरलेले आहेत. तासगावकडे द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत सकाळपासून कात्री चालवणाऱ्या माणसाच्या अंगठ्याच्या मुळाशी काय होतं? कडबाकुट्टीत बोटं गेलेला शेतकरी धार काढायला परत बसतो तेव्हा पकड कशी बदलतो? मिरजेत सतार-तंबोरे करणारी घराणी आहेत. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा फिरवतो. त्याच्या हाताला कंप सुटला तर त्याचं नेमकं काय हरवेल? हाताची स्थिरता तर जाईलच, पण ऐकणं आणि हात यांच्यामधला वर्षानुवर्षं जमलेला संवाद तुटेल. घरातली, पेठेतली ओळख जाईल. याच मिरजेत कुष्ठरोग्यांसाठीचं जुनं रुग्णालय आहे. बधिर झालेल्या बोटांना तव्याचा चटका कळत नाही म्हणून स्वयंपाकात जखमा होतात, आणि मग लांब दांड्याचं उलथनं किंवा लाकडी मूठ हा उपचाराचा भाग ठरतो. ज्या मुलीने हे डोळ्यांनी पाहिलं आहे, तिने ‘सूक्ष्म कारक कौशल्य’ असा कोरडा शब्द वापरून ते झाकून टाकू नये.

म्हणून तयारीचा माझा आग्रह पाहण्यावर आहे. परवानगी घेऊन एखाद्या माणसाच्या घरी जावं आणि पहाटेपासून दुपारपर्यंत त्याचा दिवस पाहावा. लिहून काढावा, मराठीतच. उंबरा किती उंच आहे, मोरी कुठे आहे, पाण्याचा तांब्या कोण हातात देतं, कोणतं काम तो स्वतः करायचा हट्ट धरतो आणि कोणतं सहज सोडून देतो. त्यातून काही समजलं तर बरंच, पण ‘मला काय दिसलं नाही’ हेही लिहावं. परदेशी विद्यापीठं निरीक्षणाचे तास मागतात तेव्हा आपली मुलं शहरातल्या दवाखान्याचं प्रमाणपत्र जोडतात. ते जोडावंच. मुलाखतीत मात्र बोलण्याजोगं काही मिळतं ते घरात मिळतं.

इथे एक धोका आहे आणि त्याबद्दल मला तीव्रतेने वाटतं. बहुतेक उमेदवारांकडे घरातली एक कहाणी असते. आजोबांना झटका आला, धाकट्या भावाला ऑटिझम आहे. ती सांगायला हरकत नाही, अनेकांसाठी तीच या वाटेची खरी सुरुवात असते. पण सांगताना बोलणारी व्यक्ती मध्यभागी येते आणि आजोबा नुसते निमित्त उरतात. मी किती रडले, मला किती वाईट वाटलं, मग मी ठरवलं. समितीला हवे असतात ते आजोबा. झटक्यानंतर त्यांनी कोणतं काम पहिलं मागितलं? घरच्यांनी काय करू दिलं नाही? काठी का नाकारली? कहाणीत त्यांची हिंमत, चीड, लबाडीसुद्धा यावी. आणि घराबाहेरच्या रुग्णाबद्दल बोलायचं तर त्याचं नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील बाहेर काढू नये. आपल्याकडे गावं लहान आहेत, एका खुणेवरून माणूस ओळखता येतो. दुसऱ्याचं दुःख आपल्या प्रवेशाचं भांडवल होऊ नये, एवढं भान ज्याला मुलाखतीच्या खुर्चीत आहे त्याच्या हाती रुग्ण सोपवायला हरकत नाही.

काही प्रश्न पेचाचे असतात. झटका आलेल्या वृद्धेला तिच्या घरी एकटीने राहायचं आहे, मुलांना ते नको आहे, तुम्ही काय कराल? पाश्चात्त्य पुस्तकांत शिकलेलं उत्तर चटकन येतं की तिची इच्छा अंतिम. आपल्या मुलीने ते घाईने म्हणू नये. तिने पाहिलेल्या घरांत स्वावलंबनाचा अर्थ सरळ नसतो. सुनेने घास भरवणं ही काही घरांत सेवा असते, काही घरांत सत्ता. सासू ‘मला माझं करू दे’ म्हणाली तर सुनेला तो आरोप वाटतो. मायकल इवामा या जपानी वंशाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने नेमक्या याच मुद्द्यावर पाश्चात्त्य चौकटींना प्रश्न विचारला आणि २००६मध्ये पुस्तकरूपाने नदीची चौकट मांडली, कावा मॉडेल. माणसाचं आयुष्य म्हणजे प्रवाह, अडचणी म्हणजे खडक, भोवतालची माणसं आणि परिस्थिती म्हणजे काठ आणि तळ. कृष्णाकाठच्या मुलांना हे समजावून द्यावं लागणार नाही. पण मॉडेलचं नाव टाकून मोकळं होण्यात अर्थ नाही. त्या वृद्धेच्या घरात काठ कुठे आवळतो आहे, हे शोधायला तुम्ही पहिल्या भेटीत कोणाशी, कोणासमोर आणि कोणाच्या पाठीमागे बोलाल, हे सांगता आलं पाहिजे. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मी अशा मुलांना आवर्जून वाचायला सांगते. तरुणपणीच अपंगत्व आलेल्या आणि पुढे कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी करणाऱ्या बाईंच्या नजरेतून घर, कॉलेज, सरकारी कचेरीचा जिना कसा दिसतो, हे तिथे कळतं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मी हलका मानत नाही. मुलाखत ही मुळातच इंग्रजी सफाईने बोलणाऱ्यांची बाजू घेते. पाचगणीच्या निवासी शाळेत शिकलेला मुलगा आणि जतच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलगी यांना एकाच पडद्यासमोर बसवलं की निकाल अर्धा ठरलेला असतो. आक्षेपाला पुरावाही आहे. १९७९ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाला सरकारी आदेशामुळे ऐनवेळी पन्नास जागा वाढवाव्या लागल्या. मुलाखतीनंतर खालच्या क्रमावर गेलेले विद्यार्थी त्या जागांवर घेतले गेले. नंतरच्या शिक्षणात ते आणि आधी निवडलेले यांच्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. गप्पांसारखी सैल मुलाखत माणूस ओळखते, हा भ्रम आहे. त्यामुळे आपल्या राज्याने सीईटी सोडून मुलाखती सुरू कराव्यात असं मी म्हणणार नाही. वशिला आणि उच्चार यांनाच आणखी एक दार उघडेल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने याच दोषावर उपाय म्हणून एका लांब मुलाखतीऐवजी अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत काढली. प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रसंग, वेगळा परीक्षक, साधारण आठ मिनिटं. एकाचं मत वाईट झालं तरी बाकीचे उरतात. ती अधिक न्याय्य आहे, आणि जतच्या मुलीला तिथे जास्त संधी आहे, कारण प्रत्येक प्रसंगात नव्याने विचार करावा लागतो आणि घोकलेलं कामी येत नाही.

भाषेचं म्हणाल तर मी एवढंच पाहिलं आहे की अडखळणं बहुतेक वेळा शब्दांचं नसतं. काय म्हणायचं हेच ठरलेलं नसतं, म्हणून शब्द सापडत नाहीत. आधी मराठीत शेवटपर्यंत विचार करावा, आईला समजेल असा सांगावा. आईने मध्येच ‘म्हणजे काय गं?’ विचारलं तर ती जागा कच्ची आहे. मग छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांत तो मांडावा. भाकरी, मोरी, पाट हे शब्द तसेच वापरून एका वाक्यात समजावून सांगावेत. प्रश्न ऐकून थोडं थांबलं तर कोणी गुण कापत नाही. तुटक इंग्रजीत सांगितलेलं डाव्या हाताचं ते उदाहरण परीक्षकाच्या लक्षात राहील, याची मला खात्री आहे.

‘शिकून परत जाणार का?’ हा प्रश्न थेट विचारला नाही तरी हवेत असतो आणि आपली मुलं त्यावर देशसेवेचं भाषण करतात. डोक्यावर बँकेचं शैक्षणिक कर्ज आणि गावी गहाण जमीन असताना ते भाषण ऐकणाऱ्यालाही खरं वाटत नाही. कर्ज फिटेपर्यंत तिथे नोकरी करीन, हे सांगण्यात कमीपणा नाही. त्यापुढे मनात काही असेल तर ते नेमकं असावं. कराड किंवा मिरजेत मोठी रुग्णालयं आहेत, शस्त्रक्रिया होते, माणूस वाचतो. पण घरी गेल्यावर त्याच्या दिवसाचं काय, हे पाहणारं माणूस तालुक्याच्या गावी क्वचितच असतं. तिथे काय करता येईल याचा एखादा लहानसा, करून पाहण्याजोगा विचार कर्जाच्या हिशोबाशेजारी ठेवला तर दोन्ही खरे वाटतात.

शेवटी समिती विचारते की तुम्हाला आमच्याकडून काही जाणून घ्यायचं आहे का. इथे ‘नाही, थँक यू’ म्हणून उठू नये, कारण पैसे तुमचे आहेत आणि वर्षंही तुमची. जागतिक महासंघाच्या मानकांप्रमाणे विद्यार्थ्याला किमान एक हजार तास प्रत्यक्ष सराव करावा लागतो. त्यातले किती तास रुग्णांच्या घरी, वस्तीत असतात ते विचारा. परदेशी विद्यार्थ्यांना सरावाच्या जागा कोण मिळवून देतं आणि जागा मिळाली नाही तर वर्ष कोणाचं वाया जातं, ते विचारा. पदवीनंतर तिथल्या नोंदणीला आणि भारतातल्या नोंदणीला ती चालेल का, लेखी मिळेल का, हेही विचारा. २०२१च्या कायद्याने आपल्याकडे या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोग आला आहे, तेव्हा परत येणाऱ्याला हा प्रश्न चुकणार नाही. आणि त्यांच्या अभ्यासक्रमात जमिनीवर बसून जगणाऱ्या, हाताने जेवणाऱ्या माणसाबद्दल कुठल्या सत्रात शिकवतात, तेही विचारून घ्या.